यंत्रापुढे उभा असलेला माणूस

मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर तिकीट देणारं स्वयंचलित यंत्र, म्हणजे एटीव्हीएम, आलं ते तिकीटखिडकीवरची रांग कमी करायला. स्मार्टकार्ड जागेवर ठेवायचं, पडद्यावर ठिकाण निवडायचं, माणसं किती, एकेरी की परतीचं ते दाबायचं आणि तिकीट बाहेर पडेपर्यंत कार्ड उचलायचं नाही. रोजच्या प्रवाशाच्या हाताला हे सहज बसतं. तरीही रेल्वेला या यंत्रापाशी फॅसिलिटेटर उभे करावे लागले. त्यांच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले बरेच. ते स्वतःच्या कार्डावर तिकीट काढून देतात, प्रवाशाकडून रोख घेतात आणि विक्रीवर कमिशन मिळवतात. माणूस वगळण्यासाठी यंत्र आणलं आणि यंत्र चालवायला पुन्हा माणूस नेमला, म्हणजे योजना फसली, असा आक्षेप यावर घेता येतो. मला तो पटत नाही.

सेवेच्या कामात ग्राहक जितका वेळ हजर, तितकी कार्यक्षमतेला मर्यादा, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड चेस यांनी 1978 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलं. ज्या कामाला ग्राहक समोर लागत नाही ते वेगळं काढा, हा त्यातून निघणारा सल्ला. पनवेलसारख्या स्थानकावर मात्र हे वेगळं काढणं सोपं नाही. हार्बरची लोकल इथे 1998 मध्ये पोचली. शिवाय कोकणात जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात. रोज सीएसएमटीला जाणाऱ्याला काही विचारायचं नसतं. पण ठाण्याचं तिकीट तुर्भेमार्गे काढायचं की कुर्ल्यामार्गे, चिपळूणच्या साध्या तिकिटावर सुपरफास्ट गाडी चालेल का, हे प्रश्न पडद्यावरच्या चौकटींत मावत नाहीत. तिथे चुकलं तर भुर्दंड प्रवाशालाच, तोही टीसीसमोर. जुन्या कूपनच्या यंत्रांचीही हीच अडचण होती: भाडं किती ते प्रवाशालाच माहीत असावं लागे. यंत्रापुढचा माणूस प्रवाशाची ही अडचण थोडीफार हलकी करतो.

आता मोबाइलवर तिकीट मिळतं, मग माणूस हवाच कशाला, असंही म्हणता येईल. सरावलेल्यांसाठी मोबाइल उत्तमच, आणि ते जितके तिकडे वळतील तितकं बरं. पण प्रवाशाचा माणसाशी संपर्क नाहीसा केला की त्याचं काम दुसरीकडे उगवतं. टीसी दिसल्यावर कुणी तिकीट काढू नये म्हणून मोबाइलच्या तिकिटाला स्थानकापासूनच्या अंतराची अट घालावी लागली. शिवाय, हळूहळू सगळे शिकतील, हा हिशेब पनवेलला तरी लागू पडत नाही. इथे नवखा प्रवासी रोज येतो, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे तो वाढतच जाणार.

खरी खोट कमिशनच्या रचनेत आहे. मोबदला विक्रीवर मिळत असेल, तर शंका घेऊन आलेली आजी ही फॅसिलिटेटरच्या दृष्टीने अडलेली रांग ठरते. तिला मार्ग समजावण्यात गेलेल्या दोन मिनिटांचे त्याला काहीच मिळत नाही. ती आजी खिडकीकडे जायला हवी, आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला तिच्यासाठी वेळ हवा. यंत्राने वाचवलेला वेळ खर्च करण्याची योग्य जागा तीच. यंत्रं आली म्हणून खिडक्या कमी करायच्या ठरवल्या, तर तो वेळ नुसता हिशेबाच्या वहीत जमा होतो आणि मार्ग विचारायला आलेल्याच्या वाट्याला पुन्हा रांगच येते. म्हणून पनवेलला किती यंत्रं बसवली यापेक्षा गर्दीच्या वेळी किती खिडक्या उघड्या असतात, हे आधी मोजायला हवं.