तांबड्या पेशींनी सांगितलेले: स्किझोफ्रेनिया आणि मेदाम्लांचा मागोवा

१९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये डेव्हिड हॉरोबिन या ब्रिटिश संशोधकाचा एक लेख आला. स्किझोफ्रेनिया हा प्रोस्टाग्लँडिनच्या कमतरतेचा आजार असावा, असे त्याचे म्हणणे होते. आधार होता डॉक्टरांच्या जुन्या निरीक्षणांचा. या रुग्णांना वेदना कमी जाणवतात, त्यांच्यात संधिवात क्वचित आढळतो आणि जोराचा ताप चढला की काहींची लक्षणे तेवढ्यापुरती ओसरतात. वेदना, सूज आणि ताप या तिन्ही गोष्टींत प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो आणि प्रोस्टाग्लँडिन शरीरात तयार होते ते मेदाम्लांपासून. गंमत म्हणजे, आदल्याच वर्षी विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी नेमके उलटे मांडले होते: याच रसायनाचा अतिरेक रोगाला कारणीभूत असावा. पुढच्या साडेचार दशकांतल्या उलटसुलट निष्कर्षांची ही जणू नांदीच होती.

त्या काळात या विषयावर राज्य होते डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध रुग्णांना देऊ लागल्यापासून भास आणि भ्रम आटोक्यात येऊ लागले होते. ही औषधे मेंदूतल्या डोपामीनचे काम अडवतात हे कळल्यावर, आजाराचे मूळही तिथेच असणार असे बहुतेक जण धरून चालले. पण औषध घेऊनही पुष्कळ रुग्ण गप्प, निरुत्साही, घरात असून नसल्यासारखे राहत. काहींना तर औषध लागूच पडत नसे. हॉरोबिन यांची मांडणी या उरलेल्या जागेत शिरली.

प्रोस्टाग्लँडिनचा कच्चा माल असलेली मेदाम्ले पेशीपटलात असतात; पेशीपटल हा मेदाचाच पडदा असतो. डोपामीन ज्या ग्राहक प्रथिनांवर बसते ती या पडद्यात रुतलेली असतात. पडद्यात ॲराकिडोनिक आम्ल आणि डीएचए यांसारखी बहुअसंपृक्त मेदाम्ले किती आहेत, यावर त्याचा लवचीकपणा आणि प्रथिनांचे काम अवलंबून असते. मेंदूच्या सुक्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा मेदाचा असल्याने कल्पना दुर्लक्षण्याजोगी नव्हती. अडचण एवढीच की जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही. म्हणून संशोधक रक्तातल्या तांबड्या पेशींकडे वळले. त्यांच्या पटलातील मेदाम्ले मोजायची आणि त्यावरून मेंदूचा अंदाज बांधायचा.

एक पुरावा मात्र कातडीवरच दिसत होता. नियासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, त्वचेवर लावले की काही मिनिटांत ती जागा लाल होते. ॲराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनते आणि रक्तवाहिन्या फुलतात म्हणून ही लाली येते. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच रुग्णांत ती फिकी किंवा उशिरा येते. सगळ्यांत मात्र नाही, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

१९८१ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रुडिन यांनी ओमेगा-३ मेदाम्लांच्या अभावाचा मुद्दा मांडला आणि जवसाच्या तेलाचे नाव घेतले. आपल्याकडे जवसाची चटणी जुनीच. पण जवसातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल शरीरात ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांत फार थोड्या प्रमाणात बदलते. त्यामुळे पुढचे बहुतेक प्रयोग ही दोन्ही आयती असलेल्या माशाच्या तेलावर झाले.

१९९४ मध्ये स्कॉटलंडमधल्या इनव्हरनेसच्या इयान ग्लेन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. रुग्णांच्या तांबड्या पेशींतली मेदाम्ले मोजली तेव्हा आकडे एका सरासरीभोवती जमले नाहीत, त्यांचे दोन गट पडले. एका गटात मेदाम्ले जवळपास नेहमीसारखी होती, दुसऱ्यात स्पष्टपणे कमी, आणि अबोलपणा, उदासीनता ही लक्षणे या दुसऱ्या गटाकडे झुकलेली. हे दोन वेगळे आजार तर नाहीत ना, असे शीर्षकातच सुचवले होते. पाठोपाठ शेफील्डमध्ये माल्कम पीट यांच्या गटानेही औषधे घेणाऱ्या रुग्णांत मेदाम्ले घटल्याचे दाखवले. शंका रास्त होत्या. हे रुग्ण विड्या-सिगारेटी जास्त ओढतात, धुरामुळे ही मेदाम्ले झपाट्याने ऑक्सिडाइझ होतात, जेवणाची आबाळ होते, आणि वर्षानुवर्षांची औषधे असतातच. मग घट आजाराची की परिस्थितीची?

या शंकेला उत्तर देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत ऑगस्टा येथील मेडिकल कॉलेज ऑफ जॉर्जियात काम करणारे साहेबराव महाडिक आणि पुण्याचे जीवरसायनशास्त्रज्ञ प्रभाकर रांजेकर यांनी मिळून हे काम उभे केले. औषधाची एकही गोळी न घेतलेला रुग्ण पाश्चात्त्य देशांत मिळणे कठीण, आपल्याकडे तो दुर्मीळ नव्हता. उपचारांपर्यंत पोहोचायलाच उशीर होतो, ही आपली दुखरी बाजू इथे संशोधनाच्या कामी आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, ज्याच्या लेखकांत हॉरोबिनही होते, औषध न घेतलेल्या रुग्णांत ॲराकिडोनिक आम्ल आणि डीएचए कमी आढळले. औषध घेणाऱ्यांत ही घट सौम्य होती. म्हणजे सगळा दोष औषधांवर ढकलता येत नव्हता.

त्याच वर्षी या गटाचा उपचारांचा प्रयोगही प्रसिद्ध झाला. ३३ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत चार महिने सकाळ-संध्याकाळ १८० मिलिग्रॅम ईपीए, १२० मिलिग्रॅम डीएचए आणि जोडीला ई व क ही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे देण्यात आली. लक्षणे कमी झाली, जगण्याची गुणवत्ता सुधारली. पूरक आहार थांबवल्यावर चार महिन्यांनी पेशींतली मेदाम्ले पूर्वपदावर आली, तरी सुधारणा बरीचशी टिकून होती. प्रयोग खुला होता. कोणाला काय दिले जाते आहे हे सर्वांना ठाऊक असल्याने त्याचा पुरावा मर्यादितच मानावा लागतो. पण मेदाम्लांसोबत अँटिऑक्सिडंट द्यायची ही कल्पना दूरदृष्टीची होती, हे दहा वर्षांनी कळले.

दरम्यान काटेकोर चाचण्यांचे निकाल येऊ लागले होते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. २००१ मध्ये पीट आणि सहकाऱ्यांनी दोन छोट्या डबल-ब्लाइंड चाचण्या छापल्या. त्यांतली एक भारतात झाली होती. तिच्यात ईपीए हाच मुख्य उपचार होता, गरज पडली तर औषध द्यायची मुभा होती. अखेरीस प्लासिबोवरच्या १२ पैकी सर्वांना औषध सुरू करावे लागले, ईपीएवरच्या १४ पैकी आठांना. त्याच वर्षी अमेरिकेत फेंटन यांनी ८७ रुग्णांना १६ आठवडे रोज ३ ग्रॅम ईपीए किंवा प्लासिबो दिले, फरक शून्य. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एम्सली यांनी ४० रुग्णांना १२ आठवडे तेवढीच मात्रा दिली आणि फरक दिसला. पीट आणि हॉरोबिन यांच्या ११५ रुग्णांच्या चाचणीत एकूण लाभ दिसेना, पण क्लोझापीन हे औषध घेणाऱ्यांत २ ग्रॅमने फायदा झाला. ४ ग्रॅम दिल्यावर तो वाढला नाही.

२०१० मध्ये व्हिएन्नातून आलेल्या बातमीने मात्र सगळे थक्क झाले. आजार जडण्याचा धोका असलेल्या १३ ते २५ वयाच्या ८१ तरुणांना पॉल अमिंगर यांनी १२ आठवडे माशाचे तेल किंवा प्लासिबो दिले. वर्षाअखेर प्लासिबो गटात २७.५ टक्के तरुणांना मनोविकार जडला, तेलाच्या गटात ४.९ टक्क्यांना. सुमारे सात वर्षांनंतरही हा फरक टिकला होता. मग ‘न्यूराप्रो’ ही ३०४ तरुणांची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचा निकाल लागला: वर्षाअखेर एका गटात ११.२ टक्के, दुसऱ्यात ११.५. यात सर्वांनाच मानसोपचारही मिळत होते, त्यामुळे तेलाला दाखवण्याजोगे फारसे काही उरले नसेल, असा एक तर्क मांडला गेला. पुढे याच चाचणीच्या नमुन्यांत असे आढळले की ज्यांच्या पेशीपटलात ओमेगा-३ खरोखर वाढले, त्यांची प्रकृती अधिक सुधारली होती.

माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत बोलकी चाचणी नॉर्वेची. हावार्ड बेन्टसेन यांनी २०१३ मध्ये ९९ रुग्णांचे निकाल मांडले. मेदाम्ले मुळात कमी असलेल्या रुग्णांना नुसते ईपीए किंवा नुसती ई व क जीवनसत्त्वे दिली तर त्यांचे बिघडले. दोन्ही एकत्र दिली तर ते दुष्परिणाम टळले. मेदाम्ले ठीक असलेल्यांत असा परिणाम दिसला नाही. ग्लेन यांचे दोन गट इथे उपचारांच्या परिणामातही वेगळे पडले. सगळ्यांची एकच सरासरी काढणाऱ्या चाचण्यांत लाभ आणि हानी एकमेकांना खाऊन टाकत असतील, तर निकाल असे उलटसुलट येणारच.

या काळात प्रश्नाची दुसरी बाजूही उलगडली. मनोविकारांवरची कित्येक औषधे पेशींमध्ये मेद बनवणाऱ्या यंत्रणेलाच चालना देतात, हे नॉर्वेतल्याच बर्गेनच्या प्रयोगशाळेत दिसले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने ५० रुग्णांच्या रक्तातील मेद औषधाआधी आणि नंतर मोजले. ओलान्झापीन आणि रिस्पेरिडोन यांनी त्यात पुष्कळ उलथापालथ केली, ॲरिपिप्राझोलने त्या मानाने कमी. रुग्णाचे सुटलेले पोट आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड ही या उलथापालथीची घरोघरी दिसणारी खूण. हॉरोबिन २००३ मध्ये वारले. स्किझोफ्रेनियावर त्यांच्या कंपनीने आजमावलेले इथाइल-ईपीए पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती ट्रायग्लिसराइड कमी करण्यासाठी.

तेव्हा आज हाती काय आहे? पटलातली मेदाम्ले काही रुग्णांत कमी असतात, हे पक्के. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात औषधांच्या जोडीला ओमेगा-३ दिल्याने लाभ होऊ शकतो, असे पोलंडमधल्या ७१ रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीसारखे पुरावे सुचवतात. जुन्या आजारात पुरावा डळमळीत आहे. माशाच्या तेलाच्या भरवशावर डॉक्टरांची औषधे बंद करावीत, असे यातला एकही निष्कर्ष सांगत नाही. नॉर्वेचा अनुभव तर दुकानातून आणलेली कॅप्सूल निरुपद्रवीच असते या समजुतीलाही धक्का देतो. आपल्या माणसाला ती सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ते यासाठी.

तांबड्या पेशींनी १९९४ सालीच सांगितले होते की हे रुग्ण एकसारखे नाहीत. तरीही नंतरच्या बहुतेक चाचण्यांनी रुग्ण निवडताना त्यांच्या रक्तातली मेदाम्ले मोजून गट पाडले नाहीत. कमी मेदाम्लांचे रुग्ण आधी वेगळे काढून, त्यांना अँटिऑक्सिडंटच्या जोडीने, आजाराच्या पहिल्या वर्षातच ओमेगा-३ देणारी मोठी चाचणी हवी आहे. पहिल्यांदाच उपचारांसाठी येणारे रुग्ण, त्यांच्या रक्ताची तपासणी आणि या विषयात मुरलेले संशोधक हे सारे पुण्यात एकदा जुळून आले होते. ती चाचणी इथे उभी राहिली, तर तिला नव्याने पाया घालावा लागणार नाही.