चंदनसारचा कातळ आणि रियुनियनचा ज्वालामुखी

जीवदानीचा डोंगर असो की तुंगारेश्वरचं पठार, वसई तालुक्यातल्या चंदनसारभोवतीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे.

हे थर वाचता येतात. डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या कडेला उभी दरड नीट पाहा. थराच्या मधल्या भागात दगड घट्ट असतो, वरच्या भागात मात्र भोकंच भोकं दिसतात. निवताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. पुढे झिरपत्या पाण्याने त्यांत पांढरी, चमकदार खनिजं भरली. दोन थरांमध्ये कधीकधी तांबडा पट्टा आढळतो. एक उद्रेक थांबल्यावर लाव्ह्याची माती होण्याइतका काळ मध्ये गेला, याची ती खूण.

मग ती आग गेली कुठे? बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ती होती तिथेच राहिली, सरकला तो भारत. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्ण प्रवाहावरून आपला भूखंड वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे निघून गेला. मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग उरली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. काही अभ्यासकांना हे मान्य नाही. पण या मांडणीनुसार आपल्या कातळाचा जिवंत वारस चंदनसारपासून जवळपास पाच हजार किलोमीटरवर आहे.

रियुनियन बेटावरच्या त्या ज्वालामुखीचं नाव पितों द ला फुर्नेझ, उंची सुमारे २,६३२ मीटर. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. बहुतेक वेळा लाव्हा निर्मनुष्य खोलगट भागातच वाहतो. १९७७ मध्ये मात्र तो सेंत-रोझ गावात शिरला. चर्चच्या दारापर्यंत आला, दोन्ही बाजूंनी वळला आणि चर्च उभं राहिलं. त्यानंतरच तिथे कायमची वेधशाळा झाली. एप्रिल २००७ मध्ये पोटातला लाव्हा झपाट्याने निघून गेल्याने शिखरावरचं विवर सुमारे ३०० मीटर खचलं. आजही तो अधूनमधून जागा होतो.

आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं पाहून किंवा २०१८ च्या अखेरीपासून डहाणू-तलासरी भागात बसलेले धक्के आठवून इथेही ज्वालामुखी जागा होईल का, अशी शंका कुणाच्याही मनात येईल. पण कुंडांचं पाणी तापतं ते भेगांमधून खोलवर जाऊन परत येताना. तिथे लाव्हा नाही. आणि प्रत्येक भूकंपामागे ज्वालामुखी नसतो. पालघरला भूकंपाची सावधगिरी हवी, लाव्ह्याची भीती नको.

काळजी करायची तर या कातळाची करू. खडीसाठी तो फुटणारच; घरं, रस्ते त्याच्यावाचून होत नाहीत. पण अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवा. भोवतालचं खाणकाम आणि बांधकाम यांतून तिचा आता सुळकाच उरला आहे. वसई तालुक्यातली थर स्वच्छ दिसणारी एखादी दरड आत्ताच राखून तिथे माहितीफलक लावला, तर शाळेतल्या मुलांना भूगोलाचा हा धडा हात लावून शिकता येईल. एकदा खडी झाली की हा इतिहास पुन्हा जोडता येणार नाही.