पहाटे चारचा अलार्म आणि बारावीची झोप

पहाटे उठून केलेला अभ्यास पक्का लक्षात राहतो, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. त्यात तथ्य आहे. पण त्यामागची एक अट हल्ली सोयीस्करपणे गळून गेली आहे. हा सल्ला रुजला तेव्हा घरं रात्री नऊला निजत, त्यामुळे चारला उठणाऱ्या मुलाची सात तास झोप झालेली असे. आज लातूरमधला किंवा पुण्यातला बारावीचा विद्यार्थी बारापर्यंत अभ्यासिकेत बसतो, एकला पाठ टेकतो आणि साडेपाचला उठून क्लासची बॅच गाठतो. म्हणजे झोप साडेचार तास. १३ ते १८ या वयासाठी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली केलेली शिफारस आहे आठ ते दहा तासांची.

झोप येते कशी, ते आधी पाहू. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते जितकं जास्त, तितके डोळे जड. झोपेत त्याचा निचरा होतो. चहा-कॉफीतलं कॅफिन हे रसायन कमी करत नाही. अ‍ॅडेनोसिन जिथे जाऊन चिकटतं, ती जागा ते अडवून बसतं. थकवा शिल्लकच असतो, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला कडक कॉफी घेतली, तर पहाटे तीनलाही त्यातलं जवळपास अर्धं कॅफिन अंगात असतं. अशा वेळी झोप लागली तरी ती उथळ लागते.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचा एक इवलासा पुंजका डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून दिवस-रात्रीचा हिशोब ठेवतो. पेशींतलं असं घड्याळ कसं चालतं याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. अंधार पडला की या घड्याळाच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन स्रवू लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकतं. म्हणून अकराच्या आत झोप न येणारा सोळा वर्षांचा मुलगा आळशी किंवा बेशिस्त ठरत नाही. त्यात अंथरुणात मोबाइल आला की झालंच. माझ्या मते तिथे स्क्रीनच्या उजेडापेक्षा ‘अजून एकच रील’ जास्त नडतं.

आता मुख्य प्रश्न: झोपेचा आणि मार्कांचा संबंध काय? दिवसभरात वाचलेलं आधी हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने धरून ठेवलं जातं. तिथली पकड तात्पुरती असते. गाढ झोपेत मेंदू त्यातला काही भाग पुन्हा पुन्हा उजळतो आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात, जुन्या माहितीच्या संगतीने, रुजवतो. रात्रीची झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. गाढ झोप पहिल्या फेऱ्यांत जास्त असते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. त्यामुळे एकला झोपून साडेपाचला उठणारा मुलगा प्रामुख्याने हा पहाटेचा भाग गमावतो.

१९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला दिले. पाठांतरानंतर ते कधी झोपत, कधी जागेच राहत. तेवढ्याच तासांनी विचारल्यावर, मध्ये झोप झालेली असली की जास्त आठवे. दोघांवरचा प्रयोग म्हणजे फारच तुटपुंजा. पण नंतर कितीतरी जणांनी तो निरनिराळ्या रीतींनी केला आणि मूळ मुद्दा टिकला.

मग करायचं काय? झोपायच्या आधीचा अर्धा तास नव्या धड्याला देऊ नका. दिवसा वाचलेला एक भाग घ्या, समजा जीवशास्त्रातलं नेफ्रॉन. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आकृती काढा, नावं लिहा. हेन्लेचा वळसा आठवला आणि त्यात पाणी कुठे शोषलं जातं ते अडलं, तर तेवढंच पुस्तकात बघून दुरुस्त करा आणि दिवा मालवा. सकाळी दात घासून झाल्यावर तीच आकृती पुन्हा काढा. चार वेळा वाचून काढण्यापेक्षा असं आठवून काढलेलं जास्त टिकतं. ज्यांना पहाटच मानवते, त्यांनी खुशाल पाचला उठावं. मात्र नऊला अंथरुणात असावं. आजवर एकला झोपत असाल तर एका रात्रीत हे जमणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या आणि उठल्या-उठल्या गच्चीत किंवा अंगणात उन्हात जा. सकाळच्या उजेडाने घड्याळ अलीकडे सरकतं. रविवारी टेस्ट सिरीज नसली म्हणून अकरापर्यंत लोळलात, तर आठवड्याची कमाई तिथेच जाते.

परीक्षेच्या वेळाही लक्षात घ्या. बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो, नीट दुपारी दोनला, जेईई मेनची एक शिफ्ट सकाळी नऊची. रात्री दोनला चालणाऱ्या डोक्याची तिथे कुणालाच गरज नसते. शेवटच्या महिन्यात सराव पेपर त्या-त्या वेळीच सोडवा. आदल्या रात्री जागून आणखी एक प्रकरण उरकण्यापेक्षा झोपलेलं बरं, कारण जागरणानंतर गणितात चिन्ह चुकणं आणि प्रश्न अर्धवट वाचणं हेच आधी वाढतं.

पालकांना एवढंच सांगणं आहे, की रात्री एकपर्यंत दिवा दिसला म्हणून कौतुक करू नका.

हे सगळं पाळूनही झोप लागत नसेल, मध्यरात्री छाती धडधडून जाग येत असेल, सगळं निरर्थक वाटत असेल आणि दोन आठवडे उलटूनही फरक पडत नसेल, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. घरी सांगा, डॉक्टरांकडे जा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर मात्र दोन आठवडे सोडा, एक रात्रही थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.