कुत्रीचे अनपेक्षित गाभणपण आणि पाळणाऱ्याची जबाबदारी

कुत्री साधारण सहा ते बारा महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येते. पुढे वर्षातून बहुधा दोनदा माज येतो आणि दोन-तीन आठवडे टिकतो. सुरुवातीच्या आठ-नऊ दिवसांत रक्ताचे थेंब पडतात, पण त्या काळात ती कुत्र्याला जवळ येऊ देत नाही. रक्त फिकट होऊ लागते तेव्हा ती फळण्याच्या खऱ्या अवस्थेत येते. फसगत होते ती इथेच. रक्त थांबले म्हणजे माज सरला, असे समजून घरचे लोक साखळी सोडतात.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळीसारख्या गावात हे सहज घडते. घरापुढे खळे, भोवती नारळ-काजूची झाडे आणि हद्दीला बुटका गडगा अशी तिथली रचना. कुत्रा राखणीसाठी असतो, म्हणून तो मोकळा ठेवण्याची रीत आहे. गडगा गुरांना अडवतो, कुत्र्यांना नाही. एकाच माजात कुत्री एकाहून अधिक कुत्र्यांशी संग करू शकते. त्यामुळे एका वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात.

संगाच्या वेळी जोडी काही मिनिटे अडकून राहते. तेव्हा पाणी ओतणे, काठी मारणे किंवा ओढून वेगळे करणे टाळावे, कारण त्याने दोघांनाही इजा होते. तारीख मात्र लिहून ठेवावी आणि काही दिवसांतच पशुवैद्यकाला गाठावे. पिल्ले नको असतील, तर या टप्प्यावर गर्भाशय व बीजांडकोष काढणारी नसबंदी शस्त्रक्रिया हा मार्ग उरतो. गर्भ थांबवणारी औषधेही आहेत, पण ती पशुवैद्यकानेच द्यायची असतात. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत. काही संप्रेरकांमुळे गर्भाशयात पू होतो आणि कुत्री दगावू शकते.

गर्भ साधारण ६३ दिवसांचा असतो. महिनाभराने सोनोग्राफीत तो दिसतो. दीड महिन्यानंतर हाडे घट्ट झाल्यावर क्ष-किरण चित्रात पिल्ले मोजता येतात. शेवटच्या तीन आठवड्यांत भूक वाढते, पण पोटात जागा कमी असते. म्हणून थोडे थोडे, अनेकदा खायला घालावे. नुसता भात आणि कालवणाचे पाणी पुरत नाही. अंडी, काटे काढलेली मासळी असे सकस अन्न हवे. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत. गाभणपणी जादा कॅल्शियम दिल्यास व्याल्यानंतर रक्तातले कॅल्शियम घसरण्याचा धोका वाढतो. दूध पाजणारी कुत्री थरथरू लागली, ताठली किंवा धापा टाकू लागली, तर तो तातडीचा प्रसंग समजावा.

विण्यासाठी पडवीचा किंवा मांगराचा कोरडा, शांत कोपरा निवडावा. कोकणातल्या पावसाळ्यात जमीन ओल धरते, म्हणून फळीवर गोणपाट आणि जुने कपडे घालावेत. नवजात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही. विण्याच्या आधीच्या दिवसात कुत्रीचे तापमान सुमारे एक अंशाने उतरते, ती खाणे टाळते आणि जमीन उकरते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आले नाही किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव झाला, तर थांबू नये.

पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नये. याच काळात घरे शोधावीत आणि घेणाऱ्याकडे लस, जागा व राखण यांची चौकशी करावी.

पिल्ले पोत्यात घालून बाजाराजवळ किंवा मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला सोडणे म्हणजे त्यांना वाहनाखाली किंवा उपासमारीत ढकलणे होय. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार असे टाकून देणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी यांची जबाबदारी थेट मालकावर टाकली आहे.

पिल्ले सुटून दूध आटले की कुत्रीची नसबंदी करून घ्यावी, नाहीतर पुढच्या माजात तेच पुन्हा घडते. पहिल्या माजाआधी ती केल्यास स्तनांच्या गाठींचा धोकाही फार कमी होतो. राखणीसाठी कुत्री पाळणाऱ्याने तिची राखण करणेही आपलेच काम मानले पाहिजे.