फाइली सांभाळायला एवढा मोठा प्रोसेसर कशाला?

गोदामात माल ठेवायला-काढायला तुम्ही सीए नेमाल का? नाही ना! मग फक्त फाइली साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये महागडा, जास्त वीज खाणारा प्रोसेसर कशाला?

चीनच्या बायडू कंपनीने २०१३ मध्ये आपल्या क्लाउड स्टोरेजच्या सर्व्हरमध्ये मार्व्हेलचे एआरएम प्रोसेसर वापरले. एआरएम म्हणजे आपल्या मोबाइलमधल्या चिपचंच घराणं. नेहमीच्या सर्व्हरपेक्षा एकूण खर्च २५ टक्के कमी, असं मार्व्हेलने तेव्हा सांगितलं. अर्थात, हा विकणाऱ्याचा आकडा आहे, हे लक्षात ठेवा.

हे जमतं कसं?

सर्व्हरमधली हार्ड डिस्क साधारण मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात २ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ८० लाख ठोके होतात! म्हणजे तो बराच वेळ डिस्कची वाट बघत बसतो. बसून राहणाऱ्याला मोठा पगार का द्यायचा?

आता हिशोब करू. समजा, एका सर्व्हरमागे ५० वॉट वाचले. चोवीस तास, वर्षभर, म्हणजे ४३८ युनिट. असे १,००० सर्व्हर असतील तर ४ लाख ३८ हजार युनिट. शिवाय उष्णता कमी, म्हणून एसीचं बिलही कमी.

पण घाई नको. तीन गोष्टी तपासा:

१. सॉफ्टवेअर: इंटेलसाठी बनवलेला प्रोग्रॅम एआरएमवर जसाच्या तसा चालत नाही.
२. काम: एसएसडी असेल, किंवा डेटा दाबून लहान करायचा असेल, तर छोटा प्रोसेसर कमी पडू शकतो.
३. पुरवठादार: एआरएम सर्व्हर चिप बनवणारी अमेरिकेतली कॅल्क्सेडा २०१३ च्या शेवटी बंद पडली. उद्या सपोर्ट कोण देणार?

आपल्या दुकानाचं काय?

सीसीटीव्ही आणि टॅलीचा बॅकअप ठेवायला नॅस बॉक्स घेताय? छोट्या नॅसमध्ये बरेचदा एआरएम चिपच असते, आणि नुसत्या बॅकअपला ती पुरते. त्याच बॉक्सवर बिलिंग सॉफ्टवेअर चालवायचं असेल, तर मात्र आधी विक्रेत्याला विचारा. प्रोसेसरवर वाचलेल्या पैशात दुसरी डिस्क घ्या आणि बॅकअपची आणखी एक कॉपी दुकानाबाहेर ठेवा. चिप वीज वाचवेल, पण डिस्क गेली तर धंद्याचा हिशोब ती कॉपीच वाचवेल.