नडगी दुखतेय? आधी पाय समजून घ्या!

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावाबाहेरचा रस्ता पहाटे पाचलाच जागा होतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ग्राउंडचे एकूण ५० मार्क. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या रस्त्यावर रोज पळत असाल.

माझी रूममेटही पळायची. तिसऱ्या आठवड्यात तिची नडगी दुखायला लागली. ग्रुपमधले सीनियर म्हणाले, ‘शिन पेन आहे, सगळ्यांना होतं. पळत राहा, आपोआप जाईल.’ ती पळत राहिली. बाम चोळून, क्रेप बँडेज बांधून. महिनाभरानं चालतानाही लंगडायला लागली. एमआरआय काढला, तर नडगीच्या हाडाला बारीक चीर! सहा आठवडे पळणं बंद. नेमकं त्याच सहा आठवड्यांत तिचं ग्राउंड होतं. हुकलं.

दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ज्या पायावर तिनं अख्खं वर्ष लावलं होतं, त्या पायात आत काय आहे हे आम्हा दोघींनाही धड माहीत नव्हतं. तुम्हाला माहितीये?

हात लावून बघा

उभे राहा आणि टाचा उचला. पोटरीत वरच्या बाजूला जो टणक फुगवटा आला, तो गॅस्ट्रोक्नेमियस. नाव जिभेला वळत नाही, पण त्याचं मूळ ग्रीक आहे आणि अर्थ ‘पायाचं पोट’. आपल्या ‘पोटरी’तही पोट आहेच की! हा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. उडी, १०० मीटरचा झटका, ही कामं त्याची.

त्याच्या खाली दडलेला चपटा स्नायू म्हणजे सोलियस. तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो आणि सहजासहजी थकत नाही. उभं राहणं, चालणं, लांब पळणं तोच निभावतो. हे दोघं खाली एकत्र येऊन टाचेमागच्या जाड दोरीत मिळतात. ती अकिलिस टेंडन, शरीरातली सगळ्यात जाड.

आता बसा, टाच जमिनीवर ठेवा आणि चवडा वर उचला. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो स्नायू ताठ होतो, तो टिबियालिस अँटिरियर. पळताना बोटं जमिनीला अडखळत नाहीत, ते त्याच्यामुळे. त्याच्याही बाहेरच्या कडेला पेरोनियस स्नायू. पाऊल आत मुरगळण्यापासून ते सांभाळतात.

पोटरीचं आणखी एक काम आहे. ती आवळली की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. एनसीसीच्या परेडला बराच वेळ सावधानमध्ये उभं राहून कुणीतरी चक्कर येऊन पडतं ना? पोटरी हललीच नाही की रक्त पायात साचतं. म्हणून बुटातल्या बुटात बोटं हलवत राहायची.

मग नडगी का दुखते?

पळताना प्रत्येक पावलाचा धक्का आधी स्नायू झेलतात. ते थकले की भार हाडावर जातो. सरावानं हाडही मजबूत होतं, पण सावकाश. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला मात्र महिने लागतात. आपल्याला वाटतं, दम आहे तर अजून दोन राउंड मारू. तिथंच गडबड होते.

करायचं काय?

* दुखतंय तिथं बोटानं दाबून बघा. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं असेल, तर बहुतेक वेळा ती हाडावर ताण आल्याची सुरुवात असते. पळणं लगेच कमी करा.
* एकाच बोटाखाली नेमकं दुखतंय, बसल्या-झोपल्याही ठणकतंय? पळणं थांबवा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, हेही लक्षात ठेवा.
* टाचा उचलण्याचा व्यायाम दोन प्रकारे करा. गुडघा सरळ ठेवून केला की गॅस्ट्रोक्नेमियस जास्त राबतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि सोलियसला काम मिळतं. स्ट्रेचिंगही असंच दोन्ही प्रकारे.
* पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ करून चवडा हळूहळू स्वतःकडे ओढा.
* अंतर एकदम वाढवू नका. विश्रांतीचा दिवस हाही प्रॅक्टिसचाच भाग आहे.

माझी रूममेट आता पुढच्या भरतीची तयारी करतेय. आठवड्यातून चारच दिवस पळते, उरलेल्या दिवशी जिन्याच्या पायरीवर उभी राहून टाचा उचलते. ‘शिन पेन आहे, पळत राहा’ असं कुणी म्हटलं की आता ती आधी विचारते, ‘नेमकं कुठं दुखतंय?’

उद्या पहाटे बूट घालायच्या आधी तुम्हीही नडगीवरून एकदा बोट फिरवून बघा.