तापीचे तुटलेले मुख : खानदेशातील नदीच्या मासेमारीचा मागोवा

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी तापी सुरतेच्या पलीकडे खंभातच्या आखाताला मिळते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक भाग महाराष्ट्रात असला, तरी तिचे मुख मात्र गुजरातेत आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील मासेमारीचा विचार करताना हे मुख सहसा नजरेआड राहते, कारण खानदेशाला समुद्र नाही आणि समुद्र नसलेल्या प्रदेशात मासेमारी हा किरकोळ पोटउद्योग मानला जातो. तथापि गेल्या पाऊणशे वर्षांत येथील नदीच्या मासेमारीत जे बदल झाले, त्यांतील बरेचसे नदी आणि समुद्र यांच्यामधली वाट टप्प्याटप्प्याने बंद होत गेल्यामुळे झाले आहेत.

या वाटेचे मोल कळण्यासाठी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोलंबिया नदीचे उदाहरण उपयोगी पडते. समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी पुन्हा गोड्या पाण्यात शिरणारा सॅमन मासा तेथे उन्हाळ्याच्या अखेरीस नदीच्या मुखाशी गोळा होतो, आणि त्याच्यासाठी मोठ्या बोटींबरोबरच कयाक, म्हणजे एकट्याने बसून दुपाती वल्ह्याने दोन्ही बाजूंनी वल्हवायची अरुंद होडी, घेऊनही हौशी गळकरी पाण्यात उतरतात. या नदीवरील बॉनव्हिल धरणाला १९३८ मध्येच मत्स्यसोपान, म्हणजे माशांना पायरीपायरीने वर चढता यावे अशी पाण्याच्या टाक्यांची मालिका, बांधलेला होता; पुढे झालेल्या प्रचंड ग्रँड कूली धरणाला तो नव्हता, आणि वरच्या खोऱ्यातील सॅमन तेथेच संपला.

तापीच्या मुखाशी सॅमन नाही. मराठी बाजारात ‘इंडियन सॅमन’ या नावाने विकला जाणारा रावस हा खाडीमुखांत आणि किनाऱ्यालगत वावरणारा निराळ्याच कुळातील मासा आहे. सॅमनसारखे जीवनचक्र असलेला येथील मासा म्हणजे पाला किंवा भिंग, बंगालातील इलिश. पावसाळ्यात नदी गढूळ होऊन फुगली आणि मोठ्या भरतीचे पाणी आत शिरले, की पाल्याचे थवे नर्मदा आणि तापी यांच्या खालच्या पात्रात चढत. मुंबई राज्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या मत्स्यखात्यात काम केलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी नर्मदेतील पाल्याच्या प्रजननाचा आणि अंड्यांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. याच शास्त्रज्ञांनी पुढे लोणावळ्याच्या टाटांच्या तलावांवर नदीतल्या महाशीर माशाची कृत्रिम पैदास केली, हा योगायोग बोलका आहे, कारण नैसर्गिक प्रजननाचा अभ्यास मागे पडून कृत्रिम बीजनिर्मितीला महत्त्व येणे हीच पुढच्या काळाची दिशा ठरली. पाल्याची ही मासेमारी मुख्यत्वे भरतीच्या टप्प्यातली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्णनांनुसार तापीचा शेवटचा सुमारे ५० किलोमीटरचा भाग भरतीच्या प्रभावाखाली होता आणि त्यात फक्त लहान गलबते चालत.

खानदेशच्या पात्रातील मासेमारी याहून वेगळ्या स्वरूपाची होती. पालखी वाहणे, नदीवर नाव चालवून माणसे पैलतीरी पोचवणे, मासे धरणे आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत टरबुजांच्या आणि डांगरांच्या वाड्या लावणे ही कामे भोई समाज ऋतूनुसार करीत आला. कोळी आणि भिल्ल कुटुंबेही मासे धरीत. पुरानंतर पात्रात जागोजागी डोह, म्हणजे उन्हाळ्यातही न आटणारे खोल खळगे, उरत आणि त्यांत मरळ, वाम, शिंगाडा असे मासे फेकजाळ्याने, म्हणजे कडेला शिशाच्या गोळ्या लावलेल्या आणि हाताने गोल फेकायच्या जाळ्याने, किंवा गळाने धरले जात. या व्यवस्थेत मालकीहक्काचे मत्स्यबीज, म्हणजे पाण्यात सोडायची माशांची पिले, नव्हते आणि मासे धरण्याचा ठेका नव्हता. पूर आला की नदी स्वतःच डोह भरून देई. या व्यवस्थेला फार गोड रंगवण्याचे कारण नाही, कारण अवर्षणाच्या वर्षी डोह आटत आणि भोयाच्या घरी तेवढीच ओढ लागे.

बांध हा खानदेशला नवा नव्हता. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतकांपूर्वी बांधलेले दगडी बंधारे फड पद्धतीचा कणा होते. फड म्हणजे पाटाच्या पाण्याखालील क्षेत्राचे असे भाग की ज्यांत सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे आणि पाणी पाळीने वाटून घ्यायचे. हे बंधारे ठेंगणे असत आणि पावसाळ्यात पूर त्यांच्या माथ्यावरून वाहून जाई. मासे चढतात ते याच दिवसांत. त्यामुळे फडाच्या बंधाऱ्याने उन्हाळ्याचे पाणी वळवले तरी पावसाळ्याची वाट पुरती अडवली नसावी, असे मानण्यास जागा आहे. बांध आणि मासा यांचे वैर अपरिहार्य असते, असे म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

वाट बंद होण्याला खऱ्या अर्थाने सुरुवात खालून झाली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरत जिल्ह्यात सुमारे १४ मीटर उंचीचा काकरापार बंधारा उभा राहिला, आणि १९७२ मध्ये त्याच्या वरच्या अंगाला सुमारे ८० मीटर उंचीचे उकाई धरण पूर्ण झाले. एवढ्या उंचीपुढे मत्स्यसोपानाचा विचारच गैरलागू ठरतो, आणि पाला हा सॅमनसारखा उड्या घेत चढणारा मासा नसल्याने परदेशी नमुन्याची नक्कल केली असती तरी तिचा उपयोग झाला असता असे दिसत नाही. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाल्यावर पूर्वी प्रयागपर्यंत जाणाऱ्या इलिशची जी गत झाली, तिच्यात आणि तापीच्या कहाणीत फार अंतर नाही. मात्र बंगालात इलिशसाठी आवाज उठवणारा मोठा खवय्यावर्ग होता, तापीच्या पाल्याला तसा वाली मिळाला नाही. १९९५ मध्ये सुरतेतच रांदेर-सिंगणपोर येथे बंधारावजा पूल झाला, तेव्हा भरतीच्या पाण्यालाही नवी सीमा आखली गेली.

वरच्या बाजूला भुसावळजवळ तापी-पूर्णा संगमाच्या खाली ४१ दरवाजांचे हतनूर धरण १९८० च्या दशकाच्या आरंभी झाले. १९९७ मध्ये तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. चालू शतकात सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज, म्हणजे पात्रातच दरवाजांनी पाणी अडवणारे बांध, उभे राहिले. शेतीला आणि शहरांना यांचा लाभ झाला, यात शंका नाही. मात्र पात्राचे रूपांतर साठ्यांच्या साखळीत झाल्याने बुडित भागातील डोह ओळखू येईनासे झाले आणि तेथे डांगरवाड्यांसाठी उघडी पडणारी वाळूही उरली नाही.

त्याच वेळी एक नवी मासेमारी जन्माला आली. उकाईचा जलाशय पूर्ण भरला की सुमारे ६०० चौरस किलोमीटर पसरतो आणि त्याचा फुगवटा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या, आता नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर-नंदुरबार भागात येतो. ज्या आदिवासी कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांतील काही पुढे त्याच पाण्यावर मासे धरू लागली. येथे सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. साठलेल्या पाण्यात ते झपाट्याने वाढतात, पण प्रजननासाठी त्यांना वाहते पाणी लागते, म्हणून बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. त्यामुळे पूर्वी पुराबरोबर येणारी गोष्ट आता बीजकेंद्र, सहकारी संस्था आणि ठेका यांच्यामार्फत येऊ लागली. १९५२ मध्ये भारतात आणलेला आणि पुढे अनेक जलाशयांत पसरलेला तिलापिया, बोलीतला चिलापी, कोणी न सोडताही जाळ्यात येतो. मोठे मासे कमी झाल्याची भरपाई गरीब घरांच्या ताटात तोच करतो, ही गोष्ट परदेशी माशांच्या विरोधात लिहिणारे क्वचितच नोंदवतात.

होडीही बदलली. महाराष्ट्रातील जलाशयांवर थर्मोकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून, हाताने किंवा लहान फळीने पाणी मागे सारत जाळे लावणारा एकटा मासेमार हे नेहमीचे दृश्य आहे. कोलंबियाच्या मुखाशी हजारो रुपयांच्या कयाकमधून हौसेने जे साधले जाते, ते येथे टाकाऊ वस्तूंतून गरजेपोटी साधले गेले. मात्र वारा सुटला की अशा तराफ्यावर ना तोल सांभाळता येतो, ना काठ लवकर गाठता येतो.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, ज्यायोगे कर्ज, विमा आणि वीजदर यांबाबत मत्स्यशेतकऱ्याला शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात असा हेतू आहे. पाण्यात जाळीचे पिंजरे तरंगते ठेवून त्यांत मासे वाढवणाऱ्यांना किंवा शेततळे असणाऱ्यांना या निर्णयाचा फायदा सरळ पोचू शकेल. पण ज्याच्याकडे तळे नाही, पिंजरा नाही आणि वीजजोडणीही नाही, जो बॅरेजच्या खालच्या उथळ पाण्यात फेकजाळे घेऊन उभा राहतो, त्या भोयाच्या धंद्याचा कागदोपत्री पुरावा काय धरायचा, हा प्रश्न तो निर्णय गावपातळीवर राबवणाऱ्यांपुढे येणारच आहे.